आमची मंडळी

वाचकाचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी एसटीत ड्रायव्हर होतो. एकतीस वर्षं गाडी चालवली, त्यातली निम्मी मुक्कामी ड्यूटी. गेल्या श्रावणात आमची मंडळी गेली. संसार एकेचाळीस वर्षांचा. आता वर्षश्राद्ध आलंय. थोरला म्हणतो, आईची स्मरणिका काढू, बाबा, तुम्ही चार पानं लिहा. मी लिहायला बसलो. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, पतिपरायण, एवढं लिहून झालं आणि अर्ध्या पानावर गाडी बंद पडली. एवढ्या वर्षांत मी तिला ओळखलंच नाही की काय?

तेराव्याला बचत गटाच्या बायका आल्या होत्या. पलीकडच्या वाडीची एक बाई फोटोसमोर बसून इतकी रडली की घरचे बघत राहिले. ती कोण, मला आजवर माहीत नाही. मंडळी गटाची सचिव होती, सातवीपर्यंत शिकलेली. संक्रांतीला विधवा बायकांनाही वाण द्यायची, म्हणून माझी आई तिच्यावर चिडायची. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी गावात दारूच्या दुकानाविरुद्ध बायकांचं मतदान झालं, त्यात ही पुढे. मला ते पटलं नव्हतं, दुकानदार आमच्या भावकीतला. मी तिच्याशी आठ दिवस बोललो नाही. (डबा मात्र येत होता. डब्यात कायम सहा भाकरी असायच्या, तीन माझ्या, तीन कंडक्टरच्या. त्या आठ दिवसांतही सहाच.) अकरा मतं कमी पडली. दुकान अजून आहे.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी मी आईला मुद्दाम बहिणीच्या गावाला गाडीत बसवून दिलं. एका मतानं काही फरक पडला नसता. तरी ते मनातून जात नाही.

बहीण म्हणते, स्मरणिकेत हे दारूबिरूचं नको, हरलेल्या गोष्टी कशाला उगाळायच्या. अहेव मरण आलं, भाग्याची होती, एवढं लिही. ताई, काय लिहू आणि काय ठेवू?

– एक वाचक, सातारा जिल्हा

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. इथे जागेअभावी थोडक्यात दिलंय, पण मूळ पत्र साडेपाच पानांचं आहे. पाठपोट, बारीक अक्षरात. तेव्हा तुम्हाला लिहिता येत नाही असं मी म्हणू देणार नाही. तुमची गाडी अर्ध्या पानावर बंद पडली ती पहिल्या चार शब्दांमुळे. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, पतिपरायण. पेपरात रोज भावपूर्ण श्रद्धांजलीच्या चौकटी येतात, त्यात हेच शब्द असतात आणि फक्त फोटो बदलतो. हे शब्द खोटे नाहीत. तुमच्या मंडळी तशा असतीलच. पण ते शब्द माझ्या आईलाही चालले असते, शेजारच्या काकूंनाही चालतील. सहा भाकरी मात्र एकट्या त्यांच्याच.

त्या भाकरींपाशी मी जरा थांबते. शहरातल्या वाचकांना मुक्कामी गाडी म्हणजे काय ते माहीत नसेल. संध्याकाळी सुटलेली शेवटची गाडी रात्री एखाद्या टोकाच्या गावी पोचते, तिथेच थांबते आणि पहाटे परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच नाहीतर देवळात पथारी टाकतात. त्या गावात खानावळ कुठली? घरून आलेला डबा हेच जेवण. बरोबरचा कंडक्टर आज हा, उद्या तो. त्यातल्या किती जणांचं तोंड तुमच्या मंडळींनी पाहिलं असेल? तरी दुपारचं आवरून त्या परत चुलीपुढे बसत होत्या आणि ज्याचं नावही ठाऊक नाही अशा माणसासाठी तीन भाकरी जास्तीच्या थापत होत्या. नवऱ्यावरची माया आणि परक्या माणसाची काळजी एकाच फडक्यात बांधलेली. ‘पतिपरायण’ या शब्दात यातलं अर्धंच मावतं.

आणि तुम्ही आठ दिवस तोंड फिरवून बसला होता तेव्हाही भाकरी सहाच आल्या. तीन झाल्या नाहीत की रागानं डबा चुकला नाही. दादा, हे वाक्य तुम्ही कंसात घातलंय. तो कंस काढा. स्मरणिकेचं तुमचं पहिलं वाक्य तेच असू द्या.

तुम्ही पत्रभर त्यांना ‘मंडळी’ म्हटलंय. हा शब्द आता कमी ऐकू येतो, माझे वडील वापरायचे. मराठीत मंडळी म्हणजे बायको आणि मंडळी म्हणजे जमलेली माणसंही. ‘मंडळी, ऐका हो’ म्हणतो ती. असा दुहेरी शब्द तुमच्या जिभेवर इतकी वर्षं होता आणि तुमच्या घरात तो दोन्ही अर्थांनी खरा होता. त्या तुमची मंडळी होत्याच, गटातल्या, वाडीतल्या बायकांचीही मंडळी होत्या. तुम्हाला त्यातली एक बाजू जवळून माहीत आहे. दुसरी तुमच्या माघारी घडत गेली. गटाच्या बैठका बहुतेक ठिकाणी संध्याकाळच्या, कामं उरकल्यावर, आणि त्या वेळी तुम्ही स्टिअरिंगवर. म्हणून तुम्हाला सगळं माहीत नसणं यात मला मायेची उणीव दिसत नाही. पण निवृत्त झाल्यावर विचारता आलं असतं, ते राहून गेलं, हेही खरंच. आता त्यांना विचारता येत नाही. त्यांच्या बायकांना विचारता येतं.

कसं विचारायचं ते सांगते, कारण यात मी स्वतः चुकले होते.

माझी आई गेली तेव्हा तिच्या भजनी मंडळातल्या बायकांना मी गाठलं आणि विचारलं, ‘आई कशी होती?’ सगळ्या म्हणाल्या, ‘फार चांगली होती गं.’ पदराला डोळे पुसले आणि गप्प झाल्या. चार घरं फिरले, चारही घरी तेच. पाचव्या घरी मी सहज विचारलं, ‘आई तुमच्यावर कधी चिडली होती का?’ त्या मावशी हसायलाच लागल्या. म्हणाल्या, ‘चिडली होती? अगं, एकादशीला मी टाळ विसरून आले, तर तिनं मला देवळाच्या पायरीवरून परत पाठवलं, भर उन्हात. मी रडत रडत गेले. परत आले तर ही पाण्याचा तांब्या घेऊन उन्हात उभी. स्वतःही सावलीला बसली नव्हती.’ त्यानंतर तासभर त्या बोलत होत्या. चिडलेली, पाण्याचा तांब्या धरून उन्हात उभी असलेली माझी आई मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. तिचा एक फोटो आमच्या भिंतीवर आहे. पण मला आई आठवते ती त्या पायरीवरची, जी मी पाहिलेलीच नाही.

तेव्हा ‘कशी होती’ असं विचारू नका. पहिल्यांदा कुठे भेटलात, तुमच्यासाठी तिनं काय केलं, कशावरून भांडलात, शेवटचं काय बोलणं झालं, असं नेमकं विचारा. मोबाइलवर आवाज भरून घ्या, पण आधी त्यांना सांगून. नातवंडांपैकी कुणालातरी बरोबर न्या. त्यांना मोबाइल जमतो, शिवाय मुलांसमोर बायका मोकळ्या बोलतात. आणि जिचं बोलणं छापाल तिचं नाव आणि गाव खाली घाला. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या. त्यांनी ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. पिढ्यान् पिढ्या ‘बायकांची गाणी’ एवढ्याच नावानं चाललेल्या ओव्यांना त्यामुळे एकेक चेहरा आला. तुमच्या स्मरणिकेतही ‘गटातील एक भगिनी म्हणाल्या’ असं येऊ देऊ नका.

दुसरं, गटाची इतिवृत्ताची वही मागून घ्या. निदान बघायला तरी. मंडळी सचिव होत्या ना? मग दर महिन्याची बैठक त्यांनीच लिहिलेली असणार. आज अमुक दिनांक रोजी बैठक घेण्यात आली, हजर सभासद इतक्या, विषय क्रमांक एक, सूचक कोण, अनुमोदक कोण. तुम्ही अर्ध्या पानावर अडलात आणि सातवी शिकलेल्या तुमच्या मंडळींनी वर्षानुवर्षं पानं भरून ठेवली आहेत. त्यांचं अक्षर तिथे आहे. स्मरणिकेत त्या वहीच्या एका पानाचा फोटो छापा. फुलांच्या नक्षीपेक्षा आणि समईच्या चित्रापेक्षा तो शतपटीनं बोलेल.

त्या वहीची किंमत काय असते तेही समजून घ्या. गट म्हणजे दहा ते वीस बायका. महिन्याला पन्नास-शंभर रुपये टाकतात आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. नाबार्डनं १९९२ साली असे गट बँकांना जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून बँका त्यांना तारण न घेता कर्ज देऊ लागल्या. शेत गहाण नाही, दागिना नाही. मग बँक कशावर भरवसा ठेवते? बैठका नियमित होतात का, बचत वेळेवर येते का, दिलेलं कर्ज परत येतं का, आणि हे सगळं वहीत नीट उतरलंय का, यावर. म्हणजे तुमच्या मंडळींचं अक्षर आणि हिशेब हेच त्या बायकांचं तारण होतं. कुणाची म्हैस, कुणाच्या पोरीची फी, कुणाचं दवाखान्याचं बिल त्या अक्षरावर उभं राहिलं असेल. मात्र एक सांभाळा, कुणी किती कर्ज घेतलं आणि कशाला घेतलं हे नावानिशी छापू नका. मंडळींनीही ते गावात कधी बोलून दाखवलं नसणार, नाहीतर गट इतकी वर्षं टिकला नसता.

आता तुमच्या बहिणीचं म्हणणं. ‘दारूबिरूचं नको, हरलेल्या गोष्टी कशाला.’

हे मला अजिबात पटलेलं नाही. त्यांना दुखवायचं नाही, भावजयीचं चांगलं दिसावं असंच त्यांना वाटत असणार. पण हरली कोण, हे आधी बघू या. आडव्या बाटलीच्या मतदानाची रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे गावातल्या निदान पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला की बायकांचं गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्यांची चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आणि दुकान बंद व्हायचं तर मत द्यायला आलेल्यांपैकी निम्म्या जणी पुरत नाहीत. यादीत जितक्या बायकांची नावं आहेत त्या सगळ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा. म्हणजे जी आजारी म्हणून घरी राहिली, जी मजुरीला दुसऱ्या गावी गेली, जी सासरी गेली तरी यादीत नाव राहिलं, जिला नवऱ्यानं दारातून बाहेर पडू दिलं नाही, त्या सगळ्यांची मतं न देताच उभ्या बाटलीच्या बाजूला जाऊन बसतात. आमदार-खासदार निवडताना आपण इतकी कडक अट लावत नाही. आलेल्या मतांत ज्याला जास्त तो निवडून येतो.

असं असताना अकरा मतं कमी पडली. नुसती अकरा! घरोघरी फिरून, सह्या गोळा करून, शेताच्या बांधावर जाऊन समजावून तुमच्या मंडळींनी आणि त्यांच्या बायकांनी गावातल्या जवळजवळ निम्म्या बायकांना त्या दिवशी घराबाहेर काढलं. दारूपायी जिच्या घरात रोज भांडण होतं तिला ‘चल, शिक्का मारायला’ म्हणणं आणि ती येणं, याला किती धीर लागतो हे ज्या त्या रांगेत उभ्या होत्या त्याच सांगू शकतील. त्यांना विचारा. ती रांग स्मरणिकेत आली पाहिजे. त्या वेळचा कुणाकडे फोटो असेल तर तोही.

आणि तुमचं आठ दिवसांचं न बोलणंही लिहा. दुकानदार भावकीतला होता, मला अवघड झालं, मी चिडलो, तिनं माघार घेतली नाही, असं सरळ लिहा. बायको नवऱ्याच्या मनाविरुद्ध गेली हे वाचून तिच्या पतिभक्तीला बट्टा लागेल असं बहिणीला वाटतं. मला उलट वाटतं. ज्या बाईला नवऱ्याच्या रागाची भीती वाटत होती, मनात दुःखही होत असणार, तरी जी सह्यांचे कागद घेऊन बाहेर पडली आणि परत येऊन सहा भाकरी थापल्या, तिनं दोन्हीकडचं नातं राखलं. एक राखायला दुसरं सोडलं नाही. रमाबाई रानड्यांनी न्यायमूर्ती गेल्यावर त्यांच्या आठवणी लिहिल्या, १९१० साली त्यांचं पुस्तक आलं. नवऱ्यावर इतकी निष्ठा असलेली बाई, पण आपल्या शिकण्यावरून घरातल्या बायकांनी किती छळलं ते तिनं झाकून ठेवलं नाही. म्हणून शंभर वर्षांनंतरही ते वाचताना घर डोळ्यांसमोर उभं राहतं. बायकोनं नवऱ्याच्या आठवणी लिहायची वाट आपल्याकडे अशी जुनी आहे. नवऱ्यानं बायकोच्या लिहायच्या वाटेवर मात्र पावलं फार थोडी दिसतात. तुम्ही त्या वाटेनं निघालाय, तर अर्धवट जाऊ नका.

पण आईला गाडीत बसवून दिलं, ती गोष्ट छापू नका.

यावर मी बराच विचार केला. एका मतानं निकाल बदलला नसता, हे हिशेबानं बरोबर आहे. पण वर सांगितलं तसं, त्या मतदानात घरी न असणं म्हणजेही मत देणं होतं, आणि हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं, म्हणूनच तुम्ही आईला धाडलंत. ते सलतंय तर सलू द्या, मी फुंकर घालणार नाही. पण स्मरणिकेत ते आलं की वाचणाऱ्याचं लक्ष तुमच्याकडे वळेल. ‘किती मोठ्या मनानं कबूल केलं’ म्हणून लोक तुमचं कौतुक करतील आणि मंडळी त्यांच्याच स्मरणिकेत मागे पडतील. ती गोष्ट छापायची नाही, सांगायची आहे. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या बायकांना. गटाच्या बैठकीला जा, खाली सतरंजीवर बसा आणि सांगा. त्या काय म्हणतील मला माहीत नाही. कदाचित चिडतील, तो त्यांचा हक्क आहे. एवढं मात्र म्हणते, मंडळींना ते माहीत नव्हतं असं समजू नका. मतदार यादी त्यांच्या हातात होती, सासूबाई घरात नव्हत्या आणि तुम्ही एसटीचे ड्रायव्हर. गावात कोण कुठल्या गाडीनं गेलं हे बायकांपासून लपत नाही. मला तर वाटतं, त्यांना त्याच संध्याकाळी कळलं असेल. दुसऱ्या दिवशीच्या डब्यात किती भाकरी होत्या ते तुम्ही लिहिलंच आहे.

आता ‘अहेव मरण’. लोक हे तुम्हाला धीर द्यायला म्हणतात हे मी समजते. माझ्या आईच्या वेळीही म्हणाले होते, हिरवा चुडा भरला, मळवट भरला, भाग्याची गेली. तुम्हाला ते ऐकून बरं वाटत नाही, हे तुमच्या अक्षरावरून दिसतं, त्या ओळीपाशी पेन दोनदा थांबलंय. बाईचं भाग्य ती नवऱ्याच्या आधी गेली की मागाहून, यावर मोजायचं, हे मला लहानपणापासून बोचत आलंय. आणि तुमच्या मंडळींनाही बोचत असणार, नाहीतर सासूचा राग ओढवून घेऊन त्यांनी विधवा बायकांना संक्रांतीचं वाण दिलं नसतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला, राज्यभर त्याचं नाव झालं आणि सरकारनंही त्याच महिन्यात बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. तुमच्या घरात हा ठराव त्याच्या कितीतरी आधी झाला होता, एका बाईनं एकटीनं केलेला, वहीत न लिहिलेला. म्हणून स्मरणिकेत ‘अहेव मरण’ हा शब्द नको. त्या जागी संक्रांतीच्या वाणाबद्दल लिहा. काय वाण द्यायच्या, कुणाकुणाला बोलवायच्या, पहिल्या वर्षी किती जणी आल्या, आई काय म्हणाली, सगळं.

पुढे पितृपक्षात अविधवा नवमी येईल, भाद्रपद वद्य नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठीचा हा दिवस, आणि रीत अशी की त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरायची. तुमच्या घरची रीत मोडा असं मी सांगणार नाही, सवाष्ण बोलवा. पण ज्यांना मंडळी वाण द्यायच्या त्या बायकांनाही त्याच पंगतीला बसवा, मागच्या दाराला नको. भटजी किंवा बहीण काही म्हणाल्या तर सांगा, तिच्या हयातीत तिच्या पंगतीत या बायका होत्या.

एक राहिलं, आणि खरं तर ते मी पहिल्यांदा लिहायला हवं होतं. साडेपाच पानांत मंडळींचं नाव एकदाही आलेलं नाही.

मी परत परत शोधलं. ‘मंडळी’ आहे, ‘ही’ आहे, ‘थोरल्याची आई’ आहे. नाव नाही. बायकोनं नवऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही, घ्यायचं तर उखाण्यात, हे आपण सगळेच ऐकत आलो. पण नवऱ्यांनीही ते कुठे घेतलं? ‘अगं’, ‘ऐकलंस का’, यावरच जन्म गेला. तुमच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं होतं का? लिहिलं असेल तर ते नाव कुणी ठरवलं, त्यांना आवडलं होतं का? माहेरी काय म्हणायचे? माहेरी अजून कुणी असेल, भाऊ, चुलती, शाळेतली मैत्रीण, तर वर्षश्राद्धाच्या आधी एकदा जाऊन या. सातवीपर्यंतची शाळा कुठली, पुढे का थांबवलं, ते फक्त तिकडेच कळेल. मुखपृष्ठावर ‘कै. सौ.’ आणि त्यापुढे तुमचं नाव आणि आडनाव, एवढ्यावर थांबू नका. सासरचं नाव घाला आणि त्याखाली माहेरचंही, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. गटाच्या वहीत त्या सही कशी करायच्या ते बघा आणि तीच सही मुखपृष्ठावर घ्या.

चार पानं लिहा म्हणाला ना मुलगा? चारची आठ होतील, होऊ द्या. त्यातली दोन तुमची, बाकीची बायकांची. शुद्धलेखनाची काळजी करू नका, छपाईवाले बघतील, फक्त त्यांना वाक्यं ‘सुधारू’ देऊ नका. त्या बायका जशा बोलल्या तसंच राहू दे. वेळ थोडा आहे, तेव्हा वाडीपासून सुरुवात करा. फोटोसमोर रडणाऱ्या त्या बाईंना आधी भेटा. नाव माहीत नसलं तरी गटाच्या अध्यक्षबाई सांगतील. मागे राहून बोलणं ऐका, मध्ये ‘हो, ती होतीच तशी’ असं म्हणून त्यांना थांबवू नका. आणि जेवायला थांबा म्हणाल्या तर थांबा.

वाडीला सकाळची पहिली गाडी किती वाजता जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. या वेळी मागच्या सीटवर बसा.

तुमची ताई